पांढरे मोजे का घालत नाहीस? – तुम्ही विचारलंत म्हणून

यंदाच्या जानेवारीतही तेच झालं. बर्न्स नाइटचा, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवसाच्या मेजवानीचा, फोटो मंडळाच्या ग्रुपवर पडला, आम्ही सहा जण किल्टमध्ये, म्हणजे इथल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यात, आणि खाली दुसरीच कमेंट, "सगळ्यांचे मोजे पांढरेशुभ्र, तुझेच शेवाळी कसे रे?" मग एकीने लिहिलं "पांढरेच शोभतात बाई", आणि आईने सांगलीहून फोन करून तिचं नेहमीचं ऐकवलं की चांगल्या कार्यक्रमाला कुणी मळखाऊ रंग घालतं का. एडिनबरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली, त्यातली चौदा वर्षं हा प्रश्न येतोय. दर वेळी मी सांगतो की पांढरे मोजे ही भाड्याच्या दुकानांची सोय आहे, जुनी पद्धत ती नव्हे. हे खोटं नाहीये. पण अर्धं आहे, आणि आता अर्धं सांगायचा कंटाळा आलाय.

आधी जेवढं खरं आहे तेवढं सांगून टाकतो. किल्ट भाड्याने देणाऱ्याकडे ढिगाने टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकटींची कापडं, असतात, प्रत्येकाशी जुळणारे मोजे ठेवायचे तर वेगळं गोदाम लागेल, पांढरे किंवा क्रीम कशावरही खपून जातात, म्हणून गेल्या काही दशकांत ते सगळीकडे पसरले आणि आता लोकांना तोच नियम वाटतो. जुन्या वळणाची माणसं दिवसा, ट्वीडच्या जॅकेटवर, दबके रंग घालतात. लोवॅट हिरवा, लोवॅट निळा, राखाडी, गडद मरून. लोवॅट म्हणजे धुक्यातून डोंगर दिसतो ना, त्यातला हिरवा. तुमच्या भाषेत शेवाळी. रात्रीच्या भारी कपड्यांवर चौकटीचे मोजे येतात, पूर्वी हे मोजे विणत नसत, टार्टनचंच कापड उरेब कापून पायाच्या आकारात शिवायचे, त्यामुळे चौकट कोपऱ्यावर उभी राहून शंकरपाळ्यासारखी दिसायची, पुढे विणकामात तीच नक्षी उतरली. स्कॉटिश पलटणींचे आपापले रंग ठरलेले असत, ब्लॅक वॉचचे लाल-काळे, कॅमरन हायलँडर्सचे लाल-हिरवे. ते मी घालत नाही, तो त्या पलटणीचा मान आहे.

माझा किल्टही ब्लॅक वॉच टार्टनचाच आहे, पण ते टार्टन सरकारी म्हणून ओळखलं जातं आणि कुठल्याही क्लॅनचा, म्हणजे स्कॉटिश कुळाचा, नसलेला माणूस ते बिनदिक्कत घालू शकतो. हे मी मुद्दाम सांगतोय. टार्टन बघितलं की इथला माणूस पहिल्यांदा विचारतो, कुणाचा तू. आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर विचारतात तसंच. मला त्याचं उत्तर नाही, देशमुख-पाटलांचं टार्टन नसतं. जॅकेट प्रसंग ठरवतो, स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकणारी पिशवी, बहुतेक जॅकेट ठरवतं, बुटांना फारसा पर्याय नाही. उरतात मोजे. रंग, जाडी, वरच्या दुमडीची वीण, मोजा धरून ठेवणाऱ्या गार्टरला लावलेल्या फ्लॅशचा, म्हणजे कापडी पट्टीचा, रंग, एवढी एक वीतभर जागा अशी आहे जिथे मला कुणी विचारत नाही की तुझा हक्क काय. म्हणून मी तिथे वेळ घालवतो. दुकानात टार्टन हातात धरून, खिडकीपाशी जाऊन, उजेडात रंग बघतो. टार्टनमधला सगळ्यात ओरडणारा रंग उचलायचा नाही, खाली शांत पडलेला उचलायचा. लोकर जास्त आणि थोडं नायलॉन असावं म्हणजे टाच टिकते. नुसता कॉटन रात्रीपर्यंत ढिला होतो, अॅक्रिलिकमध्ये पाय घामेजतो. गार पाण्यात हाताने धुवायचे आणि आडवे वाळवायचे, एक छान जोड मी मशीनमध्ये टाकून घालवलाय, लहान मुलाच्या मापाचा झाला.

आता दुसरं अर्ध.

2011 चा ऑगस्ट, पर्थशरमध्ये एका मित्राचं लग्न. इथे आल्यावर पहिल्या वर्षी ज्याने मला घर शोधून दिलं तो मित्र. आम्ही पाच जण अशर होतो, म्हणजे नवऱ्याकडचे मित्र, पाहुण्यांना चर्चमध्ये जागा दाखवायची, कार्यक्रमपत्रिका द्यायची. पाचही जणांना सगळं भाड्याचं, एकाच दुकानातून, पांढरे मोजे पाचांनाही. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, उलट फार आवडलं. आमच्या शाळेत पीटीच्या दिवशी पांढरे मोजे लागायचे, आई आदल्या रात्री निळीत बुडवून वाळत घालायची, पांढरे मोजे म्हणजे तयारी पूर्ण, कुणी बोट ठेवायला नको, हे माझ्या अंगात होतं. हॉटेलच्या खोलीत आरशासमोर मी कफ तीन वेळा दुमडला. गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं, फ्लॅश बाहेरच्या बाजूला, उजव्या मोज्यात खोचलेला स्किअन डू, म्हणजे छोटा सुरा. घरी फोटो पाठवला. आई म्हणाली, किती स्वच्छ दिसतोयस.

संध्याकाळी जेवण झालं, केली सुरू झाली, म्हणजे बँड आणि सगळ्यांनी मिळून नाचायचं. स्ट्रिप द विलो नाचलात तर तुम्हाला माहितीये, दहा मिनिटांत जॅकेट अंगावर राहत नाही. आम्ही पाचही जण जॅकेट खुर्चीला अडकवून वेस्टकोटवर. मी पाणी प्यायला बाजूला आलो आणि भिंतीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई आल्या, मोत्यांची माळ, छान हसऱ्या, आणि त्यांनी रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की अजून एक व्हाइट वाइन मिळेल का, आणि आमच्या टेबलवरच्या प्लेट्स अजून उचललेल्या नाहीत.

मी काय केलं? मी ग्लास घेतला. बारवर गेलो, वाइन भरून घेतली, आणून त्यांच्या हातात दिली. प्लेट्सबद्दल मी खऱ्या वेटरला जाऊन सांगितलं. मला कुणी सांगा, त्या वेळी "मी पाहुणा आहे" हे तीन शब्द तोंडातून का निघाले नाहीत? मी चौदा वर्षं शोधतोय. घाबरलो नव्हतो. राग आला होता असंही नाही, राग नंतर आला, परतीच्या ट्रेनमध्ये. त्या क्षणी फक्त असं वाटलं की या बाईंना अवघडल्यासारखं होईल, मित्राचं लग्न आहे, आणि हातातला ग्लास जड झाला.

तासाभराने नवऱ्याच्या मित्रांचा फोटो निघाला, त्यात मी नवऱ्याला खेटून उभा. बाईंनी बघितलं. त्या स्वतःहून चालत आल्या, चेहरा लाल, माझा हात हातात घेतला आणि खूप माफी मागितली. आणि म्हणाल्या, "हे मोजे बघ ना, वाढणारी मुलंसुद्धा पांढऱ्याच मोज्यांत आहेत, त्याने माझा घोटाळा झाला."

ते खरं होतं. त्या हॉटेलचे वेटर किल्टमध्येच होते, वेस्टकोट, पांढरे मोजे. मी खाली माझ्या पायांकडे बघितलं, मग एका वेटरच्या पायांकडे, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मोजे! मोज्यांचा घोटाळा. मी हसून म्हणालो, काही हरकत नाही. पुढच्या शनिवारी मी लोवॅट हिरव्या मोज्यांचा पहिला जोड विकत घेतला आणि त्यानंतर पांढरे पायात घातले नाहीत.

तर हे उत्तर. पण इथेच थांबलो तर परत अर्धंच राहील, कारण ट्रेनमध्ये मला दुसरं आठवलं. मी भिंतीपाशी उभा होतो तेव्हा माझ्या अलीकडे आमच्यातलेच दोघं उभे होते. तेच वेस्टकोट, तेच भाड्याचे पांढरे मोजे. बाई त्या दोघांना ओलांडून माझ्यापर्यंत आल्या. गोरे दोघं ओलांडून.

यावर माझं माझ्याशीच भांडण चालू असतं. एक मी म्हणतो, अरे ते दोघं बोलत होते, तू एकटा होतास, आणि सकाळी चर्चच्या दारात याच बाईंना तूच हातात पत्रिका दिली होतीस, त्यांच्या डोक्यात तू "देणारा मुलगा" म्हणून बसला असशील. दुसरा मी म्हणतो, पत्रिका त्या दोघांनीही वाटल्या. पहिला म्हणतो, सत्तरीची बाई, अंधार, दोन ग्लास वाइन पोटात, आणि समोर येऊन माफी मागायला लागतो तो मोठेपणा तिच्याकडे होता. दुसरा गप्प बसतो, पण पटलेलं नसतं त्याला.

आणि मग मला माझं लग्न आठवतं. सांगलीला, 2008 मध्ये, हाच मित्र आला होता. फेटेवाल्याने त्याला केशरी फेटा बांधला. त्या दिवशी केशरी फेटे कुणाकुणाला होते? माझ्या काकांना, बँडवाल्यांना, आणि दारात गुलाबपाणी शिंपडायला केटररने उभ्या केलेल्या दोन पोरांना. मित्र त्याच पोरांच्या बाजूला अर्धा तास उभा होता, त्याला गंमत वाटत होती. त्याच्या हातात कुणी रिकामा ग्लास दिला नाही. आमच्या आत्याने त्याला ओढून पहिल्या पंगतीत बसवलं आणि जिलबीचा आग्रह केला. फेटा तोच होता हो. हे मी त्याला कधी बोललो नाही. त्याची यात काय चूक?

म्हणून जेव्हा तुम्ही म्हणता "एवढं काय मोज्यांचं", तेव्हा मला तोडून बोलावंसं वाटतं आणि लगेच वाटतं की तुमचं बरोबर असेल. मोज्यांचा रंग बदलून काय झालं? मागच्या वर्षी एका समारंभात, लोवॅट मोजे, स्वतःचं ट्वीड जॅकेट, सगळं जिथल्या तिथे, आणि एकाने मला विचारलं टॉयलेट कुठे आहे. आता टॉयलेट कुणीही कुणालाही विचारतं. मी दाखवलं. पण घरी आल्यावर मोजे काढताना मी ते उलटसुलट करून बघत बसलो होतो, त्यात काही चुकलं का म्हणून. हे मला तुमच्यासमोर कबूल करायचंय.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मला हे मोजे मनापासून आवडतात. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा त्याने किल्टखाली अंगाच्या रंगाचे तंग पायजमे घातले होते, आणि डेव्हिड विल्कीने पुढे त्याचं चित्र काढलं त्यात ते गाळून उघडे गुडघे दाखवले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, की पायाचं काय करायचं हे इथे राजालाही जन्मतः माहीत नव्हतं, शिकावं लागतं, आणि मी शिकलोय. बाईंचा ग्लास हातात आला नसता तर मी हा रंग निवडला असता का? माहीत नाही. बहुतेक पांढरेच घालत राहिलो असतो आणि तुम्ही काहीच विचारलं नसतं. पण आज खिडकीपाशी उभा राहून मी रंग बघतो तेव्हा त्या बाई तिथे नसतात, खरंच नसतात, तिथे फक्त रंग आणि लोकर असते. कधी कधी असतात.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे भाचा. त्याची इथे जुलैत ग्रॅज्युएशन आहे, किल्ट भाड्याने घेतोय, आणि काल त्याने दोन फोटो पाठवले, एक पांढऱ्या मोज्यांचा, एक राखाडी, "मामा कुठले घेऊ? दुकानवाल्याला गुरुवारपर्यंत सांगायचंय." त्याला ती गोष्ट माहीत नाही. तो इथे चारच वर्षं आहे, मित्र भरपूर आहेत त्याला, आणि फोटोतले पांढरे त्याला आवडलेत हे मला दिसत होतं. मी बराच वेळ टाइप करत होतो, खोडत होतो. शेवटी रंगाचं काहीच लिहिलं नाही. कफ वाटीखाली तीन बोटं, फ्लॅश बाहेरच्या बाजूला, आणि गार्टर इतका आवळू नको की नाचताना पोटरीला मुंग्या येतील, एवढंच लिहून पाठवलं.