डॅशकॅम (गाडीच्या काचेवर लावायचा रेकॉर्डिंग कॅमेरा) भारीतला घेतलात, पण त्याला करंट कुठून दिलाय ते बघितलंत का?

गाडीत ऍक्सेसरी लावताना आपल्याकडे सगळा विचार होतो तो वस्तूचा, कॅमेरा किती मेगापिक्सेल, चार्जर किती वॅट, आणि वायरिंग म्हणजे दुकानवाला फिटिंगमध्ये करून देतो ती गोष्ट. पण गाडीत काहीही मधेच बंद पडत असेल, कॅमेरा स्पीडब्रेकरवर रिस्टार्ट होत असेल, मॅप चालू असताना चार्जिंगला लावूनही फोनची बॅटरी उतरत असेल, तर वस्तूला दोष देण्याआधी सप्लाय तपासा असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण खूपदा लफडं तिथेच निघतं.

सगळ्यात आधी तो गोल सॉकेट. मुळात तो सिगारेट लायटरसाठी बनलेला, म्हणजे लायटर आत दाबायचा, तापला की बाहेर काढायचा, एवढंच त्याचं काम. आपण त्यात चार्जर खुपसून वर्षभर ठेवतो. आत मधोमध एक पॉइंट असतो तो प्लस आणि कडेची पत्र्याची भिंत म्हणजे मायनस, आणि चार्जर तिथे टिकून राहतो तो फक्त पुढच्या स्प्रिंगच्या आणि बाजूच्या दोन पट्ट्यांच्या जोरावर. खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर कॉन्टॅक्ट सुटतो, फोनला कळतही नाही पण कॅमेरा बंद होऊन परत चालू होतो आणि नेमकं त्या धक्क्याचंच रेकॉर्डिंग जाऊ शकतं. म्हणून कायमस्वरूपी लावायच्या वस्तूला सॉकेट नको, फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र लाईन घ्या, आणि सॉकेट फोन चार्जर किंवा हवा भरायच्या पंपासाठी मोकळा ठेवा.

स्वतंत्र लाईन म्हणजे गाडीची वायर सोलून जोडणं नाही हां. फ्यूज टॅप नावाची छोटी गोष्ट मिळते, पुण्यात नाना पेठेत किंवा तापकीर गल्लीत शोधा, ऑनलाईनही मिळते. गाडीचा एक फ्यूज काढायचा, त्याजागी टॅप बसवायचा, टॅपमध्ये जुना फ्यूज परत लावायचा आणि शेजारच्या खाचेत आपल्या वस्तूचा नवीन फ्यूज. मूळ वायरिंगला हातच लागत नाही आणि उद्या काढलं तर गाडी होती तशी. फक्त फ्यूजचे साइज वेगवेगळे असतात, मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो, तेव्हा आपल्या गाडीतला एक काढून सोबत न्या. आणि टॅप उलटा बसवू नका. टॅपची जी तांगडी दोन्ही फ्यूजना जोडलेली असते ती बॅटरीकडून येणाऱ्या बाजूला यायला हवी, म्हणजे फ्यूज काढल्यावर मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावला की ज्या खाचेत १२ व्होल्ट दिसतात तिकडे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण मग आपल्या वस्तूचा करंटही गाडीच्या मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्या फ्यूजवर दोघांचा लोड पडतो. एअरबॅग, एबीएस, स्टेअरिंग आणि इंजिन ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) फ्यूज सोडून द्या, मागचा वायपर, सॉकेट, ऑडिओ असल्यांपैकी घ्या.

आता अर्थ, म्हणजे मायनसची काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडणं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. प्लसची लाईन सगळे काळजीने करतात आणि काळी वायर मात्र जवळ दिसेल त्या स्क्रूला गुंडाळतात. माझ्या मेहुण्यांच्या गाडीत अगदी हेच होतं, कॅमेरा कधी चालू कधी बंद, आणि बसवणाऱ्याचं म्हणणं "साहेब, बॉडीला लावलंय ना, मग झालं". बघितलं तर स्क्रू पत्र्यात होता खरा, पण वायरची तार रंगावर टेकलेली, आणि रंगातून करंट जात नाही, जो काही जात होता तो स्क्रूच्या आट्यांमधून. आम्ही डॅशबोर्डखाली बॉडीचा मूळ बोल्ट शोधला, ज्याला कंपनीच्याच अर्थच्या वायरी आलेल्या असतात तसा, खालची जागा सँडपेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासली, वायरला गोल थिंबल (धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून बसवून, बोल्ट आवळला आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली, कारण आपल्या पावसाळ्यात उघडा पत्रा लगेच गंजतो. त्यानंतर कॅमेऱ्याची तक्रार नाही.

अर्थ चांगला आहे का हे मल्टीमीटरच्या बीपवर ठरवू नका, एक तार जरी टेकली तरी बीप वाजते. वस्तू चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी आपल्या अर्थच्या वायरीला. ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर उत्तम, अर्धा व्होल्ट दिसला तर तुमचा अर्थ व्होल्टेज खातोय. बॅटरी इंजिनकडे असते त्यामुळे लांब वायर लागते, घरी जोडून घ्या, पण ही टेस्ट कराच. आणखी एक, नवीन स्टार्ट-स्टॉपवाल्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे ऍक्सेसरीची काळी वायर सरळ टर्मिनलला लावली तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो, म्हणून बॉडीलाच.

वायरच्या जाडीचं पण बघा. कॅमेरा १२ व्होल्टवर अर्धा ऍम्पियरसुद्धा घेत नाही, त्याला अर्धा स्क्वेअर एमएमची वायर चालते. पण हवा भरायचा पंप १२० वॅटचा असेल तर १० ऍम्पियर खेचतो, आणि तेवढाच करंट त्याच अर्ध्या स्क्वेअरच्या तीन मीटर वायरीतून नेला तर जवळपास १ व्होल्ट वायरीतच जातो आणि वायर गरम होते, अडीच स्क्वेअर घेतली तर ०.२ व्होल्ट. फ्यूजही वायरीच्या हिशोबाने आणि लाईन जिथून घेतली तिथेच जवळ टाका, कॅमेऱ्याकडच्या टोकाला नाही, कारण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, मधे कुठे वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर टोकाचा फ्यूज काहीच करू शकत नाही.

ते निळे चावणारे क्लिप, वायर न कापता पक्कडीने दाबून जोडायचे, ते गाडीत नको असं माझं स्पष्ट मत आहे, आतली पाती तारा कापते आणि हादऱ्याने सैल होते. क्रिम्प करा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. साधी काळी पीव्हीसी टेप मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत चिकट होऊन सुटते, हार्नेसला (कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला) असते तशी कापडी टेप घ्या. वायर ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) नेताना तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर उघडणारी) असेल तर वायर त्याच्या मागून न्या, पुढून कधीच नाही, आणि पिवळ्या कपलरला (एअरबॅगच्या वायरींच्या जोडाला) हात लावू नका. याची खात्री नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू, हवा असेल तर किटमध्ये सहसा तीन वायरी येतात, पिवळी कायम चालू राहणाऱ्या फ्यूजला, लाल चावीवर चालणाऱ्या फ्यूजला आणि काळी अर्थला. रंगाची खात्री किटच्या कागदावरून करा. पार्किंगमध्ये कॅमेरा पाव ऍम्पियर घेतो असं धरलं तर दिवसाला ६ ऍम्पियर-अवर गेले, लहान गाडीची बॅटरी ३५ ऍम्पियर-अवरची, म्हणजे चार दिवस गाडी उभी राहिली की दोन तृतीयांश बॅटरी रिकामी. म्हणून किटमधला कटऑफ, म्हणजे बॅटरी किती व्होल्टला उतरली की कॅमेरा बंद होतो ते, बघा. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ला अर्धी होते, १२ला पाव उरते. बऱ्याच किटमध्ये ११.८चा पर्याय असतो, तो मी कुणालाच लावू देत नाही, १२.२ ठेवा, रेकॉर्डिंग थोडं कमी मिळेल पण सकाळी गाडी चालू होईल. शनिवार-रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्यांनी तर पार्किंग मोड बंदच ठेवावा.

काम झाल्यावर फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, कुठल्या नंबरच्या फ्यूजवर टॅप आहे आणि त्यात किती ऍम्पियरचा टाकलाय, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी ते उघडलं तर त्याला शोधत बसावं लागत नाही.