मावशींचा टीएसएच खाली का येत नव्हता

मी कुडाळात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. थायरॉईडचे पेशंट रोजचेच, एरवी त्यात लिहिण्यासारखं फार काही नसतं. पण मालवणहून आलेल्या या मावशींची केस लिहावीशी वाटली, कारण त्यांच्यासारख्या बाया इथे गावोगाव आहेत आणि त्यांना घरातही बोलणी बसतात आणि दवाखान्यातही.

मावशी मासे विकतात. पहाटे बंदरावर लिलावाला जायचं, मग बाजारात बसायचं, असं आयुष्यभर. साठीच्या आसपास वय, वजन ५२ किलो. थायरॉईडची गोळी १०० मायक्रोग्रॅमने सुरू झाली, मग १२५, मग १५०, तरी टीएसएच ३८! (हे थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की वाढतं, साधारण ४ च्या आसपास किंवा खाली हवं.) आधी जिथे दाखवत होत्या तिथे दर वेळी डोस वाढवून मिळाला आणि वर "गोळ्या नीट घेत नाही तुम्ही" हेही ऐकून घ्यावं लागलं. सून सोबत होती, तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, ह्ये गोळी घेनत नाय, मी सांगतंय तुमका."

मावशींचे डोळे भरले. "रोज घेतंय मां. देवाशपथ. खोटा बोलान माका काय गावतला?"

मला ते खरं वाटलं. पण नुसतं वाटून चालत नाही म्हणून सगळं विचारून घेतलं. गोळी कशाबरोबर घेता, चहाबरोबर का, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्याच वेळी घेता का, कारण या दोन्ही गोळ्या थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या हार्मोनला, पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जातच नाही. तसं काही नव्हतं. उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, चहा तासाभराने. मग सुनेलाच सांगितलं की आता रोज तू तुझ्या हाताने दे, समोर गिळायला लाव, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करून या. (सहा आठवडे अशासाठी की थायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धं आयुष्य साधारण सात दिवसांचं असतं, त्याआधी तपासून खरं चित्र कळत नाही.) तिने एक दिवस चुकवला नाही. टीएसएच आला ३६.

हिशोब बघा. थायरॉईड जवळजवळ बंद असलेल्या माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ५२ किलोला ८०-८५. मावशी १५० घेत होत्या, म्हणजे जवळपास दुप्पट. गोळी तोंडात जात होती पण रक्तात पोचत नव्हती, म्हणजे घोळ मध्ये पोटात कुठेतरी होता.

त्या दिवशी मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. लाल आणि गुळगुळीत, वरची खरखर सगळी गेलेली. "जिभेक चवच नाय रवली हल्ली, दोन घास खाल्लंय काय पोट भरता, नि पायाक मुंग्ये येतत," हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. मी बी१२ व्हिटॅमिनची तपासणी लिहून दिली तर सूनच म्हणाली की मॅडम, ह्यांच्यात कसलं बी१२ कमी येणार, सोमवार आणि संकष्टी सोडली तर घरात रोज मासे. तिचं बरोबरच होतं. बांगडा, पेडवे म्हणजे बी१२ चा साठाच. आणि तरी रिपोर्ट आला ११०, म्हणजे बराच कमी, हिमोग्लोबिन ९.

रोज बांगडा खाणाऱ्या बाईचं बी१२ ११० आलं की कमतरता ताटात नसते, जठरात असते. जठरात ज्या पेशी आम्ल बनवतात त्याच एक प्रथिन बनवतात, इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं, ते बी१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषून घ्यायला मदत करतं. शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींवर उलटली की आम्लही जातं आणि बी१२ ही. थायरॉईडवर अशी उलटलेली असते तेव्हा जठरावरही उलटलेली सापडण्याची शक्यता जास्त, हे जोडीने चालणारं दुखणं आहे. आणि थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्ल कमी तर हार्मोन कमी. २००६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी हेच दाखवलं होतं, अशा जठराच्या पेशंटना थायरॉक्सिन नेहमीपेक्षा जास्त लागतं म्हणून.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते पिशवीतल्या गॅसच्या गोळीचं. पोट जड, ढेकर, म्हणून कुणीतरी सुरू केलेली आणि वर्षानुवर्षं चालू. ज्या पोटात आम्ल जवळजवळ उरलंच नाही तिथे उरलंसुरलंही ती दाबत होती! आपल्याकडे ही गोळी मेडिकलातून मागून आणतात आणि डॉक्टरला सांगतही नाहीत, कारण ती औषधात धरतच नाहीत.

ती बंद केली, दोनेक आठवडे जाऊ दिले आणि मग गॅस्ट्रिन तपासायला पाठवलं. हे पोटाचं स्वतःचं हार्मोन, आम्ल बनवा असा निरोप देणारं. आम्ल तयारच होत नसेल तर ते वाढतच राहतं. साधारण १०० च्या आत हवं, मावशींचं ८०० च्या वर. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला, जठराचं अस्तर सुकत गेलेलं निघालं.

हल्ली सगळे गट हेल्थ (पोटाचं-आतड्याचं आरोग्य) गट हेल्थ करतात, पावडरी विकतात, हार्मोन बॅलन्स होतील म्हणतात. त्यातल्या बऱ्याच दाव्यांना मी पुरावा मागेन. पण आतडं आणि हार्मोनचं नातं मात्र खरंच जुनं आहे, १९०२ मध्ये सापडलेलं पहिलं हार्मोन, सिक्रेटिन, लहान आतड्यातलंच होतं. सुनेने विचारलं, मग सोलकडी जास्त दिली तर आम्ल मिळेल का? मी म्हटलं, आवडते तर खुशाल द्या, पण गेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत.

बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली, लोहही दिलं पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. ईसीजी बघून डोस १७५ केला, या वेळी कारण माहीत असून. टीएसएच पुढच्या तपासणीत ९ वर आला, मग ४ च्या खाली. मुंग्या कमी झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत, बी१२ बरीच वर्षं कमी असलं की नसा सावकाश सुधारतात. अशा जठरात पुढे गाठी होऊ शकतात म्हणून दुर्बीण दर काही वर्षांनी करावी लागणार, हे दोघींना बसवून समजावलंय.

परवा सूनच मावशींच्या बहिणीला घेऊन आली, आचऱ्याहून. तिलाही थायरॉईड, तिच्याही पिशवीत गॅसची गोळी. बी१२ पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.