दोन लिटर पाणी आलं कुठनं?

गेल्या श्रावणात आईचं शहापुरी लुगडं कपाटातनं काढलं, तर काठावर पांढरी बुरशी. आई काही बोलली नाही, नुसता पदरावरनं हात फिरवत राहिली. त्याच आठवड्यात ठरवलं, हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर घ्यायचा. घरात आजही त्याला 'पाणी ओढायचं मशीन'च म्हणतात.

घर बेळगावकडच्या खानापुरात. मातीच्या भिंती, वर कौलं. तरण्या पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मीठ पाझरतं, काडी पेटायच्या आधी मोडते, वाकळ अंगावर घेतली तर ओलं पोतं घेतल्यासारखी. आजी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवायची. तिच्या वेळी भिंतींना फटी होत्या, ते खपून गेलं. आता बंद खोलीत कोळसे पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ.

भाचा मँचेस्टरला असतो. त्याचा फोन, "मामा, डेसिकंटवालं घे, थंडीत तेच चालतं." त्याच्या ठिकाणी त्याचं बरोबर. कॉम्प्रेसरवालं मशीन फ्रिजच्याच जातीचं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम सुटतो, तसं त्याच्या गार नळ्यांवर हवेतलं पाणी धरतं. पण खोली १५ अंशांच्या खाली गेली की नळ्यांवर बर्फ साचायला लागतो आणि मशीनचा वेळ तो वितळवण्यातच जातो. डेसिकंटमध्ये ओल शोषणारं चाक असतं, ते तापवून पाणी सोडवतात. ते थंडीत चालतं, पण वीज जास्त खातं. आमच्या खोलीत ऐन जुलैत २२-२३ अंश. म्हणून कॉम्प्रेसरच घेतला. वीतभर उंचीची स्वस्त मशीनं मिळतात, ती दिवसाला वाटीभर पाणी काढतात. शेजाऱ्यांनी घेतलेलं आता देवघराच्या कोपऱ्यात पडून आहे.

खोक्यावर '१२ लिटर' लिहिलं होतं, दिवसाला. दुकानदाराने तोच आकडा तीनदा वाचून दाखवला. खाली बारीक अक्षरात मात्र ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे मशीनला सगळ्यात सोयीची हवा. आमच्याकडे दिवसभर चालवलं तर चार-साडेचार लिटर निघतं. मशीनच्या आधी मी आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ आणलं होतं, हे बरं झालं. नाहीतर 'आज जरा कोरडं वाटतंय' यावरच पैसे गेले असते. पहिल्या दिवशी काटा ८५ वर होता.

मशीन ठेवलं माळ्याखालच्या खोलीत, कारण फळ्यांचा माळा असल्याने तेवढीच बंद होते. दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावली. रात्री नऊला चालू केलं, सकाळी टाकी भरून आपोआप बंद. दोन लिटर. आई टाकीकडे बघून म्हणाली, "ह्यात पाणी आलं कुठनं रे? आपण तर काय ओतलं नाही."

मी हिशेब केला. दहा बाय बाराची खोली, उंची नऊ फूट. एवढ्या हवेत त्या दिवशी जेमतेम अर्धा लिटर पाणी होतं. बाकीचं दीड लिटर गादीतनं, कपाटातनं, भिंतीतनं आणि फटींतनं. म्हणूनच पहिले चार दिवस काटा हलेना. आठवड्याने ६२ वर आला. ६० च्या आसपास राहिला की बुरशी धरत नाही, त्याहून खाली न्यायचा हट्ट मी धरला नाही, बिल माझंच आहे.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगितली नाही. आमच्याकडे पावसात दिवसातनं चार वेळा वीज जाते. पहिलं मशीन वीज आल्यावर आपणहून सुरूच व्हायचं नाही. रात्री दोनला वीज गेली की सकाळी टाकी अर्धीच, काटा जिथल्या तिथं. तीन दिवसांत परत करून दुसरं आणलं. तर दुकानातच चालू मशीनचा प्लग काढून पुन्हा लावून बघा. कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटं थांबतो, तेवढं चालतं. टाकीऐवजी नळी जोडायची सोय असेल तर ती मोरीत सोडा, मध्यरात्री उठायला नको.

लुगडं आता त्याच खोलीत आहे. स्वयंपाकघरात मीठ अजून पाझरतंय. तिथं वर उघडी कौलं, मशीन ठेवलं तर सगळ्या खानापूरची हवा वाळवत बसेल. बरणीत तांदळाचे दाणे टाकलेत.