सरांचा टर्बो आणि आंबा घाट

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून द्या म्हणून माझ्या गॅरेजमध्ये येतात ती बहुधा विशी-पंचविशीतली पोरं. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ, सोबत दोन मित्र आणि वडिलांना न विचारता आणलेली वडिलांची गाडी. त्यांची समजूत काढायला एक चहा पुरतो. पण ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, पन्नाशीला टेकलेले सर आईला मागच्या सीटवर बसवून आले आणि त्यांनीही तेच मागितलं, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, टर्बो बसवायला कुठली गाडी बरी, तेवढं सांगा. रोज कॉलेजला न्यायचीय, सुट्टीला घरचे सगळे बसणार, आणि बजेट मास्तराचं आहे."

त्यांच्याकडे यादी होती. स्वतःची २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, इचलकरंजीच्या पाहुण्यांकडे पडून असलेली जुनी होंडा सिटी आणि कुणाच्या तरी ओळखीतली मारुती एस्टीम. शेवटच्या दोघींना कुणीतरी जाणकाराने सुचवलं असणार, कारण हौशी लोक टर्बोसाठी याच गाड्या शोधतात. हे २०२३ च्या उन्हाळ्यातलं.

सरांचं गाव साखरप्याच्या खाली. कोल्हापूरहून जायचं म्हणजे आंबा घाट आला. उतरताना काही नाही, परतताना मात्र चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू. "ट्रकच्या मागं अडकलो की अडकलोच. पाय दाबला तरी गाडी हलत नाही ओ."

मी विचारलं, "याआधी कुठली गाडी होती?"

"स्विफ्टच की. डिझेलची."

इथेच मला निम्मं उत्तर मिळालं. त्या डिझेल स्विफ्टमधलं १.३ लिटरचं इंजिन मुळात फियाटचं, आणि त्याला कारखान्यातूनच टर्बो. ताकद ७५ पीएस, म्हणजे आकडा काही मोठा नाही, पण टॉर्क, म्हणजे गाडी ओढणारा पिळाचा जोर, १९० न्यूटन-मीटर आणि तोही २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांतच. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पुढे सरांनी जुनी विकून ही वापरलेली पेट्रोल घेतली. तिची ताकद ८३ पीएस, कागदावर जास्तच. टॉर्क मात्र ११३, आणि तो गाठायला इंजिन ४२०० पर्यंत न्यावं लागतं.

"सर, तुम्ही इतकी वर्षं टर्बोच चालवत होता. सवय तिची लागलीय."

सर क्षणभर गप्प झाले आणि मग हसले. पण हट्ट सोडायला तयार नव्हते. "मग हिलाच बसवा. इंजिन तर ठणठणीत आहे."

इंजिन खरंच ठणठणीत होतं. प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, काटे जवळपास एकाच ठिकाणी थांबले. अडचण वेगळीच होती. मी कपाटातून प्लास्टिकचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यात एका हॅचबॅकचा पिस्टन आहे. दुसऱ्या गावात कुणीतरी तिला टर्बो बसवून दिला होता आणि गाडी माझ्याकडे दोरीने ओढून आणलेली. वरच्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला ॲल्युमिनियमचा काठ, ज्याला आम्ही रिंग लँड म्हणतो, तो बोटभर लांबीचा तुकडा होऊन निघालेला. कडा कुरतडल्यासारख्या. त्याच सिलिंडरचा प्लगही त्या डब्यात ठेवलाय. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून पाहिलं तर चकाकणारे बारीक ठिपके दिसतात. ते पिस्टनचंच वितळून उडालेलं ॲल्युमिनियम.

सरांनी भिंग हातात घेतलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"नॉकिंगनं?"

"नॉकिंगनंच."

ठिणगी पडल्यावर ज्वाळा शिस्तीत पसरायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आपोआप भडकतं, आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दाब येतो. बिनटर्बोच्या इंजिनात कंपनी कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबायची ते, मुद्दाम जास्त ठेवते, म्हणजे ॲव्हरेज चांगलं मिळतं. या स्विफ्टचं अकरास एक. त्यावर आणखी हवा कोंबायची, आणि पेट्रोल? ते नॉकिंग किती सोसतं हे ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं, आणि तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. १०० ऑक्टेनचं मोठ्या शहरांतल्या काही पंपांवर मिळायचं, लिटरला दीडशेच्या वर.

फिजिक्सच्या मास्तराला एवढं सांगितलं की पुरे असतं. सरांनी माझ्याच जॉबकार्डाच्या पाठीवर गणित मांडलं. बाहेरची हवा तीस अंश. टर्बोने ०.४ बार जादा दाब दिला, तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनसुद्धा ती साठ अंशांवर बाहेर पडणार. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो, म्हणून पंच्याहत्तरच्या पुढे. मग तीच हवा सिलिंडरमध्ये अकरा पट दाबली जाणार. त्यांनी शेवटचा आकडा लिहिला आणि टर्बो नसताना येणाऱ्या तशाच शेवटच्या आकड्याशेजारी ठेवला. फरक शंभर अंशांच्या वर होता.

"टर्बोची हवा थंड करायला इंटरकूलर लावला तर?"

"कमी होईल. पण मग एकेक वाढत जातं." आणि मी मोजायला सुरुवात केली. टर्बो, त्याचं मॅनिफोल्ड, वेस्टगेट, इंटरकूलर, तेलाची येणारी-जाणारी लाइन. जास्त हवेला जास्त पेट्रोल हवं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि बहुधा पंपही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, या सगळ्याची कल्पना नसते, म्हणून त्याचं वेगळं मॅपिंग. नीट करायचं तर हेड उतरवून कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन. टॉर्क वाढला की क्लच घसरणार. मनासारखं काम दोन लाखांच्या आत होत नाही, आणि त्याहून स्वस्तात करून देणारे असतात त्यांचं काम या डब्यात आहे.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली होती, तिची गोष्ट सरांना फार आवडली. तिचंही कॉम्प्रेशन सव्वादहाच्या पटीत. नॉकिंग थांबवायला बोनेटखाली पाणी आणि मेथॅनॉलची एक टाकी दिली होती, टर्बो जादा हवा कोंबायला लागला की ते मिश्रण इंजिनात जायचं. लोक टाकी भरायला विसरायचे. दुसऱ्या वर्षीच गाडी बंद झाली, आणि बऱ्याच मालकांनी नंतर टर्बो उतरवून साधा कार्बोरेटर लावून घेतला. रोज वापरायच्या गाडीत माणूस काय काय विसरतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. इथे कूलंटच्या टाकीचं झाकण वर्षभर न उघडलेल्या गाड्या येतात.

सिटी आणि एस्टीमचा विषय लवकर मिटला. जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन थोडं कमी असतं, सुटे भाग मिळतात, रविवारी खेळायला झकास. पण पंधरा वर्षं उलटलेली, बिनएअरबॅगची गाडी, तिच्यात आई आणि मुलं बसवायची, आणि त्यात ताकद वाढवायची, ब्रेक मात्र तेच जुने. याला मी सरळ नाही म्हणालो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. घाटात काही झालं आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरने बोनेट उघडलं, तर विम्याचं काय, हे सरांच्या लगेच ध्यानात आलं.

गॅरेजमध्ये त्या वेळी एका गिऱ्हाइकाची विकायला ठेवलेली ह्युंदाई व्हेन्यू उभी होती, एक लिटर टर्बो पेट्रोल. मी म्हटलं, रविवारी दोन्ही गाड्या घाटात नेऊ. मावशींनाही (सरांच्या आईला मी मावशी म्हणतो) घ्या, म्हणजे वजन खरं होईल.

साखरप्यापासून चढायला लागलो तेव्हा आधी स्विफ्ट, स्टिअरिंगवर सर. पहिल्याच मोठ्या वळणाला ते तिसऱ्या गिअरमध्ये, काटा अठराशेवर, पाय तळापर्यंत. गाडी कण्हत होती. मी म्हणालो, "सेकंड टाका आणि चार हजारांपर्यंत जाऊ द्या." त्यांनी टाकला, पण अंग चोरून. इंजिन वाजायला लागलं आणि समोरचा टेम्पो बघता बघता मागे गेला.

"एवढी ओरडते ती चालतं?"

"तिचं कामच ते आहे."

मागून मावशी म्हणाल्या, "कान फुटलं बाई."

मग व्हेन्यू. तिचे १७२ न्यूटन-मीटर १५०० आरपीएमपासूनच मिळतात, म्हणजे जवळपास त्या डिझेल स्विफ्टसारखे. सर सवयीने तिसऱ्यातच राहिले आणि गाडी कुरकुर न करता वर चढत गेली. ही इंजिनं मुळातच टर्बो धरून बांधलेली असतात. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, म्हणून नॉकिंगला आळा बसतो. पिस्टन, क्लच, रेडिएटर सगळं त्याच हिशेबाने. सरांना हे त्या जॉबकार्डावरच्या गणिताशी जोडून दाखवावं लागलं नाही. घाटमाथ्यावरच्या आंबा गावाला पोहोचेपर्यंत त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं.

वर चहाला थांबलो. स्विफ्ट विकून येणारे पैसे आणि व्हेन्यूची किंमत यातला फरक सरांनी तिथेच काढला. टर्बो किटच्या खर्चापेक्षा थोडाफारच जास्त. मावशींचं मत वेगळ्या गोष्टीवर होतं, नव्या गाडीत चढायला गुडघा कमी दुखतो. माझ्या मते सौदा तिथेच पक्का झाला.

गाडी देताना दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगितल्या. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि वेळेवर. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, ती तेलाच्या पातळ थरावर तरंगते. आणि घाट चढून थेट चावी बंद करायची नाही, मिनिटभर आयडलवर राहू द्यायची. सर तेवढ्या वेळात आरशात बघून केस नीट करतात, असं मावशी सांगतात.

गणपतीत सरांचा फोन आला. गाडी मस्त आहे, घाट कधी संपतो कळत नाही वगैरे झालं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "दादा, ते स्टेज वन रिमॅप का काय म्हणतात, ते किती सुरक्षित असतं ओ?"

मी म्हटलं, "सर, आधी जॉबकार्डाची पाठ कोरी करून ठेवतो, मग या."