जुन्या दिव्यांच्या बाजारात दोन सकाळी

पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा निम्म्या विक्रेत्यांनी गाठोडीही सोडली नव्हती. जुन्या वस्तूंचा बाजार असाच उजाडता उजाडता गाठावा. चांगला माल पहिल्या दोन तासांतच उचलला जातो. शिवाय अंधारामुळे हातात टॉर्च असतो, आणि जुना दिवा पारखायला टॉर्चसारखं साधन नाही.

सोबत धाकटी बहीण होती. तिला टेबलावर टांगायला पितळी दिवा हवा होता, मला रॉकेलचा कंदील. नुसता शोभेचा नव्हे, पेटणारा. पिशवीत टॉर्च, लहानसं लोहचुंबक, मोजपट्टी, सुती फडकं आणि दोन जुने टॉवेल घेतले होते. यातली प्रत्येक वस्तू कामाला आली, त्यामुळे जाणाऱ्याने एवढं तरी बरोबर ठेवावंच.

तिला हवा तसा दिवा पहिल्याच पथारीवर दिसला. सुंदर काळपटलेला, नक्षीदार. "अस्सल पितळ, शंभर वर्षांपूर्वीचं," विक्रेता म्हणाला. तिने चुंबक लावलं, ते चटकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही, म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. दिवा उलटा केला तर बुडाला चौफुलीच्या खाचेचे स्क्रू. हे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्याआधीच्या दिव्यावर ते असतील तर एक तर दुरुस्ती झालेली आहे नाहीतर दिवाच नवा आहे. "काका, हे मागाहून बसवलेत का?" तिने विचारलं. "असतील ताई, मी तर असाच घेतला," ते म्हणाले. झीजही सगळीकडे सारखीच होती. खरा वापरलेला दिवा जिथे हात लागतो तिथेच झिजतो: कडीवर, वातीच्या चावीवर, बुडाच्या कडेला. आम्ही तो ठेवून दिला. जुन्या धाटणीचा नवा दिवा घ्यायला माझी हरकत नाही, घरात तो छानच दिसतो. फक्त तो नव्याच्या भावात मिळाला पाहिजे.

कंदिलांची ओळ मैदानाच्या टोकाला होती आणि माझी सकाळ तिथेच गेली. दोन्ही बाजूंना नळ्या असलेला जो कंदील आपण ओळखतो, तो १८६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन अर्विन यांच्या कल्पनेतून आला. त्याचे दोन प्रकार आहेत आणि घेण्याआधी ते ओळखता आले पाहिजेत. हॉट ब्लास्टमध्ये ज्योतीची गरम हवा वरच्या टोपीत शिरते, थोड्या ताज्या हवेत मिसळून नळ्यांतून पुन्हा बर्नरकडे उतरते. कोल्ड ब्लास्टमध्ये गरम हवा मधल्या धुराड्यातून सरळ वर निघून जाते आणि नळ्या फक्त ताजी हवा खाली आणतात. ज्योतीला ऑक्सिजन जास्त मिळतो, म्हणून उजेड स्वच्छ आणि पांढरट पडतो. वाचायला कोल्ड ब्लास्ट घ्या. मंद पिवळा उजेड हवा असेल तर हॉट ब्लास्टही गोड वाटतो, आणि तेलही कमी लागतं.

पहिल्या दिवशी हातात घेतलेला कंदील दिसायला देखणा होता. टाकीच्या तोंडातून टॉर्च आत रोखला, उरलेलं तोंड हाताने झाकलं, आणि बुडाशी तीन बारीक ठिपके चमकले. गंजून पडलेली भोकं. मागच्या वर्षी हे न बघता असाच एक घेतला होता आणि रात्रभरात फळीवर तेल पाझरलं होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: आधी टाकी, मग बर्नर, मग काच, आणि रूप सगळ्यात शेवटी. काच आणि वात बदलता येते, चावी तेल घालून मोकळी होते, पण कुजलेली टाकी नीट करणं जिकिरीचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी मनासारखा मिळाला. कोल्ड ब्लास्ट, टाकी शाबूत, चावी घट्ट पण फिरणारी. काच उचलायच्या खटक्याला ताण होता. वातीच्या फटीची रुंदी मोजून घेतली, कारण अरुंद वात हलते आणि रुंद वात अडकते. काचेला जांभळट झाक होती. पहिल्या महायुद्धाआधी काच रंगहीन करायला मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. किरणांचा मारा करून मुद्दाम जांभळी केलेली काच याहून गडद असते. ही अगदी पुसट होती, कागदावर ठेवल्याशिवाय कळत नव्हती.

बहिणीलाही त्याच सकाळी पितळी दिवा सापडला, विजेवर चालणारा. त्याची कापडी वेष्टणाची वायर वाकवताच तडकली. अशी वायर कितीही शोभिवंत दिसली तरी दिवा तसा लावू नका. वायर आणि होल्डर नवे घालून धातूच्या अंगाला अर्थिंग जोडून घ्या. बल्ब २२०० ते २७०० केल्विनचा एलईडी घेतला तर उजेड जुन्या दिव्यासारखा उबदार पडतो आणि शेडही तापत नाही. तेलाचा दिवा विजेवर करायचा असेल, तर टाकीला भोक पाडू देऊ नका. बर्नरच्या जागी बसणारा जोड वापरला तर मूळ दिवा अखंड राहतो.

परतताना काच काढून वेगळी टॉवेलात गुंडाळली. टाकीत तेलाचा थेंबही ठेवू नये. वापरलेला तेलाचा दिवा विमानात नेताना वासावरूनसुद्धा अडवतात.

घरी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने काजळी निघाली. पितळ घासून चकचकीत करायचा मोह आवरा, तो काळपटपणा पुन्हा यायला वर्षं लागतात. नवी वात सरळ कापून तिची टोकं किंचित छाटली, टाकी काठापर्यंत न भरता तीन चतुर्थांश भरली आणि वात अर्धा तास भिजू दिली. पेट्रोल कधीच घालायचं नाही, आणि खिडकी थोडी उघडी हवीच. पहिली पाच मिनिटं ज्योत बारीक ठेवली, काच तापल्यावर वाढवली. झोपण्याआधी विझवली. सकाळी काच उजेडात धरून पाहिली, तर वरच्या कडेला काजळीची रेघसुद्धा नव्हती.