भूकंप की ब्लास्टिंग? पहिली हालचाल सांभाळा

२०२४च्या मे महिन्याच्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात अडीचच्या आसपास तीव्रतेचे हलके धक्के नोंदले गेले. शेजारच्या काकूंनी गेटवरूनच विचारलं, "भाऊ, हा भूकंप होता का खाणीतली ब्लास्टिंग?" प्रश्न रास्त होता. एवढ्या लहान घटनेत दोन्हींचे आलेख वरवर सारखेच दिसू शकतात.

उत्तर शोधायचं तर आधी पी-तरंगाची, म्हणजे सर्वांत आधी पोचणाऱ्या तरंगाची, पहिली हालचाल पाहावी लागते. स्फोट जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणजे तत्त्वतः प्रत्येक नोंदणी केंद्रावर ती वरच्या दिशेने. भूकंपात खडक भेगेवर घसरतो, त्यामुळे काही केंद्रांवर वर, काहींवर खाली. (उघड्या खाणीत स्फोटकं भरलेली भोकं मिलिसेकंदांच्या फरकाने उडवतात, तेव्हा चित्र गढूळ होतं, ते वेगळं.)

माझा ४.५ हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं छोटं यंत्र, तळमजल्याच्या फरशीवर आहे. अजनीची रेल्वेलाइन फार लांब नाही, आणि मे म्हणजे घरोघरी कूलर. कूलरचं सोपं आहे. त्याची मोटर ठरावीक वारंवारतेवर घुमते, तेवढीच वारंवारतेची पट्टी फिल्टरने कापायची. मालगाडी आणि आपटणारी दारं मात्र छळतात.

धक्का ओळखायची सर्वांत रुळलेली रीत एसटीए/एलटीए, म्हणजे थरथरीच्या आकाराची छोटी सरासरी भागिले लांब सरासरी. रेक्स ॲलन यांनी १९७८मध्ये या जातीची स्वयंचलित पद्धत मांडली. अर्ध्या-एक सेकंदाच्या सरासरीला मागच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीने भागायचं. भागाकार मर्यादेपलीकडे गेला की नोंद. पण एक दार जोरात आपटलं की लांब सरासरी फुगते आणि लगेच मागून आलेला बारीक धक्का तिच्याखाली दबतो. म्हणून मी लांब सरासरीऐवजी मध्यक घेतो, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला. गोंगाट त्या अर्ध्या मिनिटाच्या निम्म्याहून कमी वेळ टिकला, तर मध्यक फारसा हलत नाही. लांबलचक मालगाडीपुढे मात्र हेही चालत नाही.

खरा धोका पुढे आहे. आलेख स्वच्छ दिसावा म्हणून अनेकजण फिल्टर एकदा पुढून आणि एकदा उलट्या दिशेने चालवतात. शिखरं जागच्या जागी राहतात, म्हणून तो आवडतो. पण या उलट फेरीत धक्क्याची ऊर्जा खऱ्या सुरुवातीच्या आधी सांडते. तरंग यायच्या आधीच रेषा थरथरते, आणि त्या खोट्या थरथरीची दिशा कुणी पहिली हालचाल म्हणून लिहून ठेवतो! फिल्टरमधून जाऊ दिलेली वारंवारतेची पट्टी जितकी अरुंद, तितकं हे जास्त. वेळेतही घोळ होतो: पी-तरंगाचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर धरला, तर ०.२ सेकंदांच्या चुकीत १.२ किलोमीटर गेले. धक्क्याचा उगम खाणीत की खाणीबाहेर, हा वाद तेवढ्यावरही फिरू शकतो.

म्हणून सुरुवात टिपताना मी फिल्टर फक्त पुढच्या दिशेने चालवतो आणि पट्टी जमेल तितकी रुंद ठेवतो. मग तीच जागा मूळ, फिल्टर न लावलेल्या आलेखात पाहतो. तिथे दिशा दिसली नाही, तर वहीत 'अनिश्चित' लिहितो. सुबक आलेखापेक्षा मला हा शब्द मोलाचा वाटतो.

अर्थात माझ्या एकट्या जिओफोनवरून काकूंना उत्तर देता येत नाही. पारशिवनी, कुही, उमरेड, रामटेक भागात कुणाकडे असं यंत्र असेल, तर कृपया मूळ फाइली पुसू नका. घड्याळ जीपीएसला जोडलेलं ठेवा आणि जिओफोनची वरची दिशा आलेखातही वरच येते का, हे तपासून घ्या.