एवढ्या उन्हाचं बाळाला पाणी नको?

मी जत तालुक्यात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला आमच्याकडं गरोदर बायकांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातली. त्या दिवशी मे महिना, पत्रा तापलेला, फॅन नुसतं गरम वारं मारतोय आणि मी सांगत होते की जन्मल्यावर तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यायचं, सहा महिने फक्त आईचं दूध, डॉक्टरनी दिलेलं औषध सोडून वरचं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. बायका माना डोलवत होत्या.

तेवढ्यात मागनं एक आजी उठल्या, दिवस भरत आलेल्या सुनेसोबत आलेल्या. "आवं सिस्टर, आपल्याला घडीघडीला पाणी लागतंय, आन् त्या लेकराला सा म्हैनं न्हाई? नरडं वाळंल की त्याचं!"

मला राग नाही आला. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या बाईला तान्ह्याला पाणी द्यायचं नाही हे पापच वाटणार ना.

मी ट्रेमधली 5 मिलीची सिरिंज घेतली, सुई न लावता, पाणी भरून त्यांच्या तळहातावर सोडलं. म्हटलं, पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एवढंच मावतं, त्यात गुळपाणी आणि घुटी घातली तर चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, कुठं जाणार? आईच्या दुधात 85 टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ऊन वाढलं की जास्त वेळा पाजायचं, बास. पाण्यानं पोट भरलं की बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध कमी येतं, मग घरातलेच म्हणतात हिला दूधच नाही आणि पावडरचा डबा येतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता जीव तुटतो. मध तर वर्षाचं होईपर्यंत बोटानंसुद्धा चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याचं अंग लुळं पडू शकतं.

आजी ओल्या तळहाताकडं बघत म्हणाल्या, "रेडकाला बी आमी आदी चीकच पाजतो की." मग लगेच, "पर प्वाट भरलं त्ये कळायचं कसं?"

हा खरा कामाचा प्रश्न. सांगितलं, पहिला आठवडा सरला की दिवसरात्रीत सहा वेळा तरी शू झाली पाहिजे आणि वजन वाढत राहिलं पाहिजे, ते अंगणवाडीत नाहीतर आमच्याकडं करून घ्या.

तोवर गप्प असलेली सून बोलली, "आणि सिझर झालं तर?" म्हटलं, तरी पाजता येतं गं, फक्त बाळाला छातीजवळ धरायला कोणीतरी जवळ पाहिजे. आजी म्हणाल्या, "म्या हाय की."

आता आशाताईंना 9 तारखेचा निरोप देताना मी आवर्जून सांगते, बाईबरोबर सासूला नाहीतर आईला घेऊनच या.